जास्तीचं पोलाद

१

लाल पिंजऱ्यातल्या पहिल्या पेटीचं झाकण निघालं आणि कोठार सांभाळणाऱ्या कोठीमामांचा हात हवेतच राहिला. पेटीत पोलादी पाचरी असायला हव्या होत्या. आत विटा होत्या. भट्टीच्या, पिवळट, कोऱ्या करकरीत विटा.

त्यांनी दुसरी पेटी उघडली. विटा. तिसरीतही विटाच.

"धाकट्या ताई," मामा म्हणाले, "कुलूप तर आत्ता तुमच्यासमोर मी उघडलं हो."

धाकटीने एक वीट उचलून पाहिली. हा कारखाना तिच्या वडिलांनी उभारलेला. ते गेल्यावर थोरला भाऊ, दादा, तो चालवत होता. इथे लिफ्टसाठी पाचरी बनायच्या. लिफ्टची दोरी तुटली, की ही पाचर रुळाला दात रोवून धरते आणि आतल्या माणसांसकट डबा जागच्या जागी थांबवते. एरवी वर्षानुवर्षं तिला काही काम नसतं. काम पडतं ते एकदाच, आणि तेव्हा तिने दगा देऊन चालत नाही.

पिंजऱ्यातल्या पाचरी दगा देणाऱ्या होत्या. पाणी देताना, म्हणजे लालबुंद पोलाद तेलात बुडवताना, काही बिनसलं होतं आणि त्यांच्या अंगावर केसासारख्या चिरा उमटल्या होत्या. (तेलात बुडवायचं आणि म्हणायचं पाणी दिलं, हा भट्टीवरचा जुना विनोद.) सदान्‌कदा डोळ्याला भिंग लावून बसणारे म्हातारे तपासनीस, भिंगकाका, यांनी तो सगळा लॉट नापास करून लाल पिंजऱ्यात घातला होता. आज तो वितळवायला जायचा होता.

काकांना विचारायची सोय नव्हती. गेल्या आठवड्यात सकाळी झाडूवाल्या मावशींना ते ऑफिसच्या लोखंडी जिन्याखाली पडलेले सापडले. तेव्हापासून ते दवाखान्यात बेशुद्ध होते. लवकर आले असतील, पाय घसरला असेल, असं सगळे म्हणाले. धाकटीही तसंच म्हणाली होती.

आता विटांकडे बघताना तिला ते पटेना.

"मामा, पिंजऱ्याच्या किल्ल्या किती?"

"दोनच. एक माझ्याकडे, एक काकांच्या गळ्यात."

२

"भंगारवाल्याला विकल्या असतील कुणीतरी," दादा म्हणाला. "पोलादाला भाव आलाय. धाकटे, तू उगाच राईचा पर्वत करू नकोस."

"आणि लिफ्टमध्ये बसल्या असतील तर?"

"कशा बसतील? त्यांच्या बदली नवा लॉट केला, काकांनी पास केला, माल गेला. तुझ्याच सिस्टिममध्ये आहे ना सगळं? बघ की."

ते खरं होतं. तिच्याच सिस्टिममध्ये होतं. कारखान्यांत ईआरपी, म्हणजे अख्ख्या कारखान्याचा हिशेब ठेवणारी कॉम्प्युटर-सिस्टिम, बसवणं हा धाकटीचा पेशा. खरेदी, कोठार, भट्टी, तपासणी, विक्री, सगळ्यांची वेगवेगळी रजिस्टरं बंद करून सगळ्यांना एका धाग्यात ओवायचं. लिफ्ट कंपनीने हटूनच सांगितलं होतं, की कुठली पाचर कुठल्या पोलादाची आणि कुठल्या लिफ्टला लागली हे एका झटक्यात कळलं पाहिजे, नाहीतर माल घेणार नाही. म्हणून दादाने बहिणीला बोलावलं. सिस्टिम सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. दादाच्या लेखी ती दारावरच्या पाटीसारखी होती. येणाऱ्याला दिसली म्हणजे झालं.

धाकटीने पडद्यावर नवा लॉट काढला. भट्टीवरच्या मिस्त्रीच्या नावाने 'तयार' अशी नोंद. भिंगकाकांच्या नावाने 'पास'. दोन्ही एकाच संध्याकाळी, पाठोपाठ. दुसऱ्या दिवशी पहाटेच माल गाडीत चढलेला. आणि त्याच सकाळी काका जिन्याखाली सापडलेले.

सगळं जुळत होतं. फक्त पिंजऱ्यात विटा होत्या, आणि विटा भट्टीच्या होत्या.

ती भट्टीकडे गेली. मिस्त्री तिथे नव्हता.

"आत्ताच गेला," शेजारच्या यंत्रावरचा कामगार म्हणाला. "पिंजऱ्यात विटा निघाल्याचं ऐकलं, अंगरखा उचलला नि चालू पडला. तोंड पांढरंफटक झालेलं."

३

संध्याकाळी मामांनी तिला पोलादाच्या कोठारात गाठलं. आजूबाजूला कुणी नाही याची खात्री केली, मग हळूच म्हणाले, "ताई, एक इपरीत झालंय. सांगू की नको असं होतंय."

"सांगा ना."

"पाचरी गेल्या म्हणून मी म्हटलं, सगळंच मोजून काढू. आणखी काय काय गेलंय ते तरी कळेल. तर पोलाद कमी नाही निघालं." त्यांनी रचलेल्या कांबींकडे बोट दाखवलं. "जास्त निघालं. कॉम्प्युटर म्हणतो त्याहून ही अख्खी थप्पी जास्त. असा चोर जन्मात पाहिला नाही ताई, जो घेऊन जायच्या ऐवजी ठेवून जातो!"

ते हसायला गेले, पण हसू ओठांवरच वाळलं.

धाकटीला त्याचा अर्थ लागला नाही. रात्री जेवताना तिने ती गोष्ट भाऊ-वहिनींसमोर कोड्यासारखी ठेवली. ती त्यांच्याकडेच राहत होती.

"गाडीवाल्याने चुकून जास्त टाकलं असेल," दादा ताटातली नजर न उचलता म्हणाला.

"टाकून गेला आणि पैसे मागायला आला नाही? कुठला गाडीवाला एवढा भोळा सांब?" वहिनी म्हणाली. ऑफिसचं सगळं ती बघायची. सिस्टिम शिकवायच्या वर्गात पहिल्या ओळीत बसून धाकटीला प्रश्नांनी भंडावून सोडणारी तीच.

दादा हसला नाही. त्याने ताट अर्धवट टाकलं आणि हात धुवायला उठला.

धाकटीला झोप लागली नाही. डोळे मिटले की एक डबा दिसायचा, चारी बाजूंनी बंद, आत माणसं, कुणाच्या कडेवर मूल. वरची दोरी दिसायची नाही. पण ती तुटतेय हे तिला ठाऊक असायचं आणि ओरडायला तोंड उघडायचं नाही.

सकाळी ती तिच्या कॉम्प्युटरपाशी बसली आणि त्या नव्या लॉटला एक खूण लावून ठेवली. त्याच्या नोंदीला कुणीही हात लावला, तर तिच्या फोनवर निरोप यावा.

४

सुट्टीचा दिवस होता. दुपारी वहिनी डबा घेऊन दवाखान्यात निघाली, तिच्यासोबत धाकटीही गेली. भिंगकाकांना मागेपुढे कुणी नव्हतं. कारखानाच त्यांचं घर.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर कुणीतरी डोकं धरून बसलं होतं. मिस्त्री.

दोघींना बघून तो उठला, पळायचा विचार त्याच्या डोळ्यांत येऊन गेला, आणि मग तो तसाच मटकन खाली बसला.

"मी नाही केलं काही," तो म्हणाला. "विटा माझ्या भट्टीच्या, मान्य आहे. पण मला करायचंच असतं तर माझ्याच विटा ठेवल्या असत्या का हो? मी काय इतका ठोंब्या आहे?"

"मग पळालास कशाला?"

"पहिला लॉट माझ्या हातून बिघडला. तेल पुरतं तापलं नव्हतं, मी घाई केली. आता त्यात विटा. म्हटलं, गळ्याला फास बसणार तो माझ्याच."

"अरे, पण दुसरा लॉट चांगला केलास ना?" वहिनी म्हणाली.

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिला. "कुठला दुसरा लॉट?"

कॉरिडॉरमध्ये कुठेतरी एक यंत्र टिकटिकत होतं. धाकटीला ते आपल्या कानात वाजतंय असं वाटलं.

"तुझ्या नावाने नोंद आहे," ती म्हणाली. "तयार म्हणून."

"मी नाही केली. मला वाटलं ऑर्डरच रद्द झाली. पासवर्ड म्हणाल तर तो भट्टीच्या भिंतीवर खडूने लिहिलाय, येणारे-जाणारे सगळे वाचतात."

तेवढ्यात आतून डॉक्टर आले. काकांची तब्येत आहे तशीच, म्हणाले. बोलता बोलता त्यांनी नर्सला काकांच्या वस्तू आणायला सांगितल्या. "यांना आणायला फार उशीर झाला हो. जखमेवरचं रक्त पार सुकलं होतं, अंग गारठलं होतं. रात्रभर पडून असणार."

"रात्रभर?" वहिनीने विचारलं. "ते सकाळी पडले ना?"

"छे. आदल्या संध्याकाळचं असावं."

नर्सने पिशवी दिली. चष्मा, भिंग, रुमाल, गळ्यातली दोरी. दोरी मोकळी होती. किल्ली शर्टाच्या खिशात निघाली, असं नर्स म्हणाली.

धाकटी ती दोरी हातात धरून उभी राहिली, आणि एकेक गोष्ट तिच्या डोक्यात आपापल्या जागी जाऊन बसू लागली. किल्ली काका आंघोळीलासुद्धा गळ्यातून काढत नसत. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी काढली, वापरली आणि घाईत खिशात कोंबली. हे मामांनी केलं नसणार. त्यांच्याकडे स्वतःची किल्ली होती, त्यांनी बेशुद्ध माणसाच्या गळ्याला कशाला हात घालावा?

आणि पोलाद! 'लॉट तयार' असं लिहिलं, की त्याला लागणारं पोलाद सिस्टिम आपण होऊन कोठारातून वजा करते. तिने वर्गात हे पुन्हा पुन्हा घोकून घेतलं होतं. कुणीतरी नुसतीच नोंद केली. कॉम्प्युटरने पोलाद वजा केलं. खरं पोलाद तर भट्टीत गेलंच नाही. म्हणून थप्पी जास्त निघाली. नवा लॉट कधी बनलाच नव्हता. चिरा पडलेल्या पाचरीच नव्या चिठ्ठ्या लावून गाडीत चढल्या होत्या.

काकांच्या पडद्यावर न पाहिलेला लॉट पास करायला आला असणार. ते जाब विचारायला जिना चढले. आणि ते जिन्याखाली पडलेले असताना कुणीतरी त्यांच्या खुर्चीत बसलं आणि उघड्याच राहिलेल्या पडद्यावर त्यांच्या नावाने 'पास' लिहिलं.



हे करणाऱ्याला पोलाद आपोआप वजा होतं हे माहीत नव्हतं. मिस्त्रीला माहीत होतं. कुठल्या पाचरीला किती पोलाद लागतं हे त्यानेच तिला सांगितलं होतं. मामांना माहीत होतं, आणि जास्तीचं पोलाद त्यांनीच तर दाखवलं. वहिनी तर...

हातातला फोन थरथरला.

निरोप होता. त्या लॉटची नोंद आत्ता, या क्षणी, कुणीतरी उघडली होती. कारखान्यातून. मिस्त्रीच्या नावाने.

मिस्त्री तिच्यासमोर बसला होता. वहिनी तिच्या खांद्यावरून फोन वाचत होती. जास्तीच्या पोलादाचं तिने काल जेवताना सांगितलं होतं, आणि त्या टेबलाशी तिसरं एकच माणूस होतं. वर्गाच्या पहिल्या दिवशी चहा पिऊन उठून गेलेलं. "बटणं दाबायला मी काय कारकून आहे?" असं म्हणून.

दोघींपैकी कुणीच नाव घेतलं नाही. वहिनीने फक्त धाकटीचं मनगट धरलं.

"चल," ती म्हणाली.

५

रिक्षात धाकटी लिफ्ट कंपनीला फोन लावत राहिली. सुट्टी. घंटा वाजायची, वाजायची आणि बंद पडायची.

कारखान्याचं फाटक उघडं होतं. पहारेकरी म्हणाला, "दादांनी मला जेवायला पाठवलं होतं, आत्ताच आलो." यंत्रं बंद असली की ती एवढाली शेड वेगळीच वाटायची. स्वतःच्या चपलांचा आवाज मागून कुणी आल्यासारखा ऐकू यायचा.

फाटकाजवळ माल पाठवायच्या टेबलावर एक कॉम्प्युटर होता. धाकटी त्याच्यावर झेपावली. लॉटचा नंबर टाकला. कंपनीचं नाव आलं. त्याखाली एकेक पेटी कुठे गेली ते उलगडू लागलं. कंपनीने आपली बाजूही याच धाग्याला जोडली होती. पाचर बसवली की तिथले लोक इमारतीचं नाव भरायचे. एक ओळ आली: 'बसवली'. इमारत...

पडदा काळा झाला.

वर, जिन्याच्या टोकाच्या खोलीत, जिथे सिस्टिमचं मुख्य यंत्र होतं, काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज आला.

"वहिनी, तू इथेच थांब. पोलिसांना..."

"कळतंय मला," वहिनी म्हणाली. तिने फोन आधीच कानाला लावला होता. तिचे डोळे कोरडे होते.

धाकटी जिना चढू लागली. याच जिन्यावरून काका पडले होते. लोखंड पायाखाली घुमत होतं. अर्ध्यावर पोचली तेव्हा वरचं दार उघडलं आणि दादा उंबऱ्यात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात तुटक्या वायरींचा झुबका होता. अंगात घामाने चिकटलेला शर्ट.

"खाली जा, धाकटे."

"कुठल्या इमारतीत बसल्या, दादा?"

"मला माहीत नाही. आता कुणालाच कळणार नाही." तो एक पायरी खाली उतरला. "ऐक. पुन्हा लॉट करायला वेळच नव्हता. तारीख चुकली असती तर कंपनीने पाठ फिरवली असती. एवढी माणसं आहेत, कुठे गेली असती? दोऱ्या काय रोज तुटतात? पन्नास वर्षांत एखादी तुटते. तेवढ्यासाठी बाबांचा कारखाना बुडवू?"

"आणि काका?"

त्याचा चेहरा वाकडातिकडा झाला. "मी ढकललं नाही. ते कंपनीला फोन करायला निघाले होते, मी नुसता हात धरला. त्यांनी हिसडा दिला आणि..."

"आणि तू त्यांच्या गळ्यातली किल्ली काढलीस."

दादाने हातातल्या वायरी घट्ट आवळल्या.

"ते जिवंत होते, दादा. रात्रभर. तू त्यांच्या अंगावरून जात-येत होतास."

"मला वाटलं गेले!" तो ओरडला, आणि त्या रिकाम्या शेडमध्ये ते शब्द घुमत राहिले. तो आणखी एक पायरी उतरला. आता त्याने हात लांब केला तर तिच्यापर्यंत पोचेल एवढा जवळ होता. धाकटीने कठडा घट्ट पकडला. लहानपणी ज्या हाताला धरून ती शाळेत गेली, त्या हाताकडे ती बघत होती.

"वायरी तोडून काही झालं नाही," ती म्हणाली. "सगळी माहिती रोज बाहेर दुसरीकडेही साठते. माझ्या बॅगेतल्या कॉम्प्युटरवर उघडेल. मला अडवायचं तर माझंही काकांसारखंच करावं लागेल. खाली वहिनी बघतेय."

दादाने तिच्या खांद्यावरून खाली पाहिलं. वहिनी जिन्याच्या पायथ्याशी उभी होती, जिथे काका सापडले होते नेमकी तिथे.

"मी पोलिसांना सगळं सांगितलंय," ती म्हणाली. "तू आता तिथेच बस. हलू नकोस."

वायरींचा झुबका त्याच्या हातून सुटला आणि पायऱ्या ठोकत खाली गेला. दादा जिन्यावर बसला. धाकटी त्याच्या बाजूने वर गेली नाही. ती उलट्या पावलांनी, त्याच्यावरची नजर न काढता, एकेक पायरी खाली आली.

६

पत्ता निघाला. सगळ्या पाचरी एकाच जागी गेल्या होत्या: नव्याने सुरू झालेलं एक मोठं प्रसूतिगृह. रुग्ण वर नेणाऱ्या लिफ्ट. कालपासून चालू.

जुनी रजिस्टरं असती तर एवढं शोधायला महिना गेला असता, आणि महिनाभर त्या डब्यांतून अवघडलेल्या बायका वर-खाली करत राहिल्या असत्या. धाकटीच्या मनात हे आलंही नाही. ती प्रसूतिगृहाचा फोन लावत होती आणि बोटं चुकीचे आकडे दाबत होती. बाहेर पोलिसांच्या गाडीचं दार वाजलं. कुणीतरी दादाला नाव विचारत होतं. तिने वळून पाहिलं नाही.

फोन लागला. तिकडे कुणी व्यवस्थापक होता.

"लिफ्ट बंद करा," ती म्हणाली. "सगळ्या. आत्ता."

"अहो बाई, कोण तुम्ही? इथे कळा सुरू झालेली बाई स्ट्रेचरवर आहे, लिफ्टच्या दारात! वर न्यायची कशी तिला?"

"दोरी तुटली तर ती लिफ्ट थांबणार नाही. आमच्याच कारखान्याच्या पाचरी आहेत त्यात. त्यांना चिरा आहेत. मी शपथेवर सांगते, तिला आत नेऊ नका."

मग तो माणूस दुसऱ्या कुणावर तरी ओरडला, "ए, थांब! दार लावू नको! बाहेर काढ त्यांना, बाहेर!"

फोन टेबलावर टाकल्याचा आवाज आला. पण तो चालूच राहिला होता. धाकटीने कान घट्ट लावला. चाकांचा खडखडाट, पळणाऱ्या चपला. "चादरीची चार टोकं धरा." "जिन्याने?" "जिन्यानेच, दुसरं काय!" मग जड पावलं, धापा, कुणाचं तरी "सावकाश, सावकाश, डोकं सांभाळा", आणि त्या सगळ्याच्या वर त्या अनोळखी बाईचं जोराचं कण्हणं, एकेक मजला चढत लांब लांब जाणारं.

वहिनी येऊन तिच्याशेजारी जमिनीवरच बसली. धाकटीने फोन दोघींच्या कानांच्या मध्ये धरला. पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत दोघी ऐकत राहिल्या.